दुसऱ्या मशीनवरून

रोवीना बेतते, मी काजं करते.
स्किडेगेटच्या धक्क्याजवळ, मासे गोठवायच्या जुन्या शेडमध्ये
दोन मशीन, एक इस्त्री,
आणि भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक,
कारण ओहोटी लागली की तिची पोरं शिंपल्या काढायला पळतात
आणि टेप धरायला कुणी उरत नाही.

काळी लोकर. तिला लाल काठ.
काठ आधी लाव, ती म्हणते,
समुद्राला काठ आहे म्हणून आपण बेटावर आहोत.
गिऱ्हाइकांना हे सांगत नाही.
त्यांना सांगते, घरी धुऊ नका.

शिंपल्याची बटणं किलोवर आणलेली,
माँट्रियालच्या बंद पडलेल्या शर्टांच्या कारखान्यातून.
एका कोटाला चारशे बारा.
लावायला अकरा रात्री.

रेष मात्र तिची.
सुरुवातीला केसाएवढी,
खांद्यावर येता येता फुगते,
वळणावर पुन्हा बारीक होते, तुटत नाही.
पुढे चेन. चेन उघडी तेव्हा दोन गरुड,
एकेका डोळ्याचे, एकमेकांसमोर.
ओढली की एकच तोंड, थेट तुमच्याकडे बघणारं.
पहिल्या तीन कोटांत चोच चेनमध्ये अडकली.
ते उसवले.
उसवणं माझ्याकडे असतं.

मे महिन्यात वँकूव्हरहून एक माणूस आला,
सँडस्पिटच्या विमानातून, मग छोट्या फेरीने,
नव्या बुटांना चिखल.
दोनशे जॅकेटं हवीत, म्हणाला, पाठीवर ऑर्का.
ऑर्का खपतो.

रोवीनाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.
मी गरुडाकडची, म्हणाली.
माझ्याकडे गरुड आहे, बीव्हर आहे, बेडूक आहे.
बेडूक दाखवू?
ऑर्का माझा नाही.
मग कुणाचा?
हिचा,
आणि तिने कात्रीने मला दाखवलं.
पण तिलाही मामाला विचारावं लागेल.

अर्धा तास मी तिथेच होते.
तो आत्ता वळला.
माझ्या दातांत दोरा होता, म्हणून मान हलवली,
हो की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

आमच्याकडे सगळं आईकडून येतं,
नाव, गोष्ट, ऑर्काच्या पाठीवरचा उभा कल्ला.
बाप जीव लावतो,
पण विचारायचं ते मामाला.

त्या रात्री घरी, भांडी बाजूला सारून,
मी तो पहिल्यांदा काढला.
लाल कापडातून कापला, काळ्यावर टाचला,
टाके घातले, कुणाला दाखवला नाही.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या रेषांना भोकं पाडली होती.

अँब्रोज मामा प्रिन्स रूपर्टला, हॉस्पिटलात.
मोतीबिंदू.
एक डोळा झालेला, पट्टीत, दुसरा गढूळ.
चाळीस वर्षं सीडरचे खांब कोरलेला माणूस
नर्सला विचारत होता, हा चहा आहे की सूप.

मी कापड त्याच्या मांडीवर पसरलं.
त्याने अंगठा ठेवला, डोक्यापाशी,
आणि निघाला,
कल्ल्यावरून वर, पाठीवरून खाली,
सावकाश, जसं अंधारात कुणी घरची पायरी शोधतं.
शेपटीपाशी थांबला.

इथे घाबरलीस.

खरं होतं.
तिथे बाहेर गाडीचा आवाज आला होता,
मला वाटलं रोवीना,
आणि मी रेष लवकर आटोपली होती.

दोनशे जॅकेटांचं सांगितलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
आधी शेपटी उसव, म्हणाला,
मग माझा दुसरा डोळा होऊ दे.
मग बघू.

परतीच्या बोटीत सगळे झोपले,
मी दिव्याखाली बसून टाके काढत राहिले.
हेकेटच्या पाण्यात बोट डुलत होती,
सुई दोनदा बोटात गेली.
सकाळपर्यंत लाल दोरे मांडीवर साठले,
झाडून टाकावेसे वाटेनात, खिशात घातले.

धक्क्यावर रोवीना थर्मास घेऊन उभी.
काय म्हणाला?
मी म्हटलं, उद्या तुझं मशीन मला देशील का,
काजं तू कर.